पेटंटची चतुःसीमा कशी वाचायची

शुक्रवार, १३ मे २०११. स्कॉटलंडमध्ये पीकॅल्क नावाचं कॅल्क्युलेटर ॲप बनवणाऱ्या डेव्हलपरला अमेरिकेतून एक पत्र आलं. पाठवणारी कंपनी लॉडसिस. पत्राचा मथितार्थ असा: तुमच्या ॲपमधून ग्राहकाला जादा सुविधा विकत घेता येतात, हे आमच्या पेटंटमध्ये बसतं, २१ दिवसांत परवाना घ्या. अशीच पत्रं त्या सुमारास आणखी बऱ्याच छोट्या आयफोन डेव्हलपरांच्या दारात पडली. गंमत अशी की विकत घेण्याची ती यंत्रणा यांतल्या कोणीही लिहिलेली नव्हती. ती अॅपलने दिलेली होती, आणि अॅपलच्या दुकानात ॲप ठेवायचं तर तीच वापरणं भाग होतं.

मी तानपुऱ्याचं ॲप बनवतो. एकटाच. चार स्वर फुकट, बाकीचे तानपुरे आणि तबल्याचे ठेके पैसे देऊन. घेणारे निम्म्याहून जास्त न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातले, रविवारी मुलांना गाण्याच्या क्लासला सोडणारे आपलेच लोक. म्हणजे लॉडसिसच्या पत्रात वर्णन केलेला गुन्हा मी रोज करतो. हे प्रकरण मला कळलं तेव्हा मी घाबरून आठवडाभर पेटंटं वाचत बसलो, एक ओळ कोड लिहिला नाही, आणि आठवड्याच्या शेवटी अशा निष्कर्षाला आलो की तानपुऱ्याची तार छेडणंसुद्धा कुणाच्या तरी नावावर असणार. तो निष्कर्ष चुकीचा होता, कारण मी पेटंटमधली चुकीची पानं वाचत होतो. हा लेख त्या आठवड्याची भरपाई म्हणून.

मी वकील नाही. खाली जे आहे ते वकिलाकडे जायच्या आधी डोकं ताळ्यावर ठेवण्यापुरतं.

कॉपीराइट वेगळं, पेटंट वेगळं

पाककृतीच्या पुस्तकातलं पान झेरॉक्स करून विकलंत तर कॉपीराइटचा भंग. ते पुस्तक कधी पाहिलंही नाही, स्वतःच्या डोक्याने तीच कृती शोधून काढली आणि विकायला बसलात, तर कॉपीराइटवाला काही करू शकत नाही. पेटंटवाला करू शकतो. पेटंट लिहिलेल्या ओळींवर नसतं, काम करण्याच्या पद्धतीवर असतं. 'मी कुणाचं बघून केलं नाही हो' हे उत्तर पेटंटच्या खटल्यात निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही. आपल्यासारख्यांना सगळ्यात अन्यायकारक वाटणारी गोष्ट हीच, आणि ती खरी आहे.

उलट बाजूने तीन मर्यादाही आहेत. एक, पेटंटचं आयुष्य अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं, पुढे ते सगळ्यांचं. दोन, पेटंट देशापुरतं असतं. 'जागतिक पेटंट' अशी वस्तूच नाही; अमेरिकेचं पेटंट अमेरिकेत, भारताचं भारतात. तीन, पेटंट फक्त त्याच्या क्लेमइतकंच मोठं असतं. तिसरी मर्यादा मला त्या आठवड्यात माहीत नव्हती.

क्लेम म्हणजे चतुःसीमा

मराठीत क्लेमला 'दावा' म्हणता येईल, पण कोर्टात ठोकतात तोही दावाच. गोंधळ नको म्हणून मी क्लेमच म्हणतो.

जमिनीचं खरेदीखत पाहिलं असेल तर त्यात शेवटी चतुःसीमा असतात. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा गट, उत्तरेस गाडीवाट, दक्षिणेस गायरान. वर कितीही पानं भरून जमीन किती कसदार आहे, पाणी किती, आजोबांनी ती कशी घेतली हे लिहिलं असलं तरी मालकी चतुःसीमेच्या आत संपते. पेटंटचंही तसंच. शीर्षक म्हणजे गावाचं नाव. सारांश म्हणजे पारावरच्या गप्पा. आकृत्या आणि पानंच्या पानं वर्णन म्हणजे आजोबांची कहाणी. शेवटी 'आम्ही यावर हक्क सांगतो' अशा अर्थाचं वाक्य येतं आणि त्याखाली १, २, ३ असे आकडे घालून लांबलचक वाक्यं असतात. ते क्लेम. मालकी तिथे आहे, बाकी कुठेही नाही.

लॉडसिसने जी पेटंटं पुढे केली त्यांतल्या एकाचं शीर्षक, मराठीत सांगायचं तर, 'संगणकांच्या जाळ्यावरून एखाद्या मालाच्या नगांकडून माहिती गोळा करण्याच्या पद्धती' असं आहे. मूळ अर्ज १९९२ चा. शीर्षक वाचलं तर जगातलं प्रत्येक ॲप त्यात बसतं, कारण शीर्षक घाबरवायला उत्तम असतं. मी आठवडाभर शीर्षकं आणि सारांशच वाचत होतो.

क्लेम वाचायचा नियम सोपा आहे. त्यातली प्रत्येक अट तुमच्या प्रॉडक्टमध्ये असेल तरच भंग. सात अटींपैकी सहा जुळल्या आणि सातवी नाही, तर त्या क्लेमच्या बाहेर. इथे जमिनीची उपमा उलटी फिरते हेही लक्षात ठेवा: क्लेम जितका लांब, अटी जितक्या जास्त, तितकी जमीन लहान. दीड पानाचा क्लेम बघून छाती दडपू नये, चार ओळींचा बघून दडपावी.

अॅमेझॉनच्या 'एका क्लिकमध्ये खरेदी'चं पेटंट हे शिकायला सगळ्यात बरं उदाहरण. अर्ज सप्टेंबर १९९७ चा, मंजुरी सप्टेंबर १९९९ ची. पहिल्या क्लेमचा सारांश असा: ग्राहकाच्या पडद्यावर वस्तूची माहिती दाखवायची, त्याने 'फक्त एकच कृती' केल्यावर, ऑर्डरची विनंती ग्राहकाच्या ओळखीसह सर्व्हरला पाठवायची, सर्व्हरने आधी साठवलेली त्याची माहिती काढायची, तिच्यावरून ऑर्डर तयार करायची, ती पूर्ण करायची, आणि हे सगळं खरेदीच्या टोपलीची पद्धत न वापरता. महिन्याभरात अॅमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकवाल्यांवर खटला भरला आणि डिसेंबर १९९९ मध्ये, ऐन नाताळच्या खरेदीत, मनाई हुकूम मिळवला. बार्न्स अँड नोबलने काय केलं? एक जादा क्लिक घातला. 'नक्की घ्यायचं ना?' एवढंच. 'फक्त एकच कृती' ही अट मोडली की क्लेमच्या बाहेर. पुढे २००१ साली वरच्या कोर्टाने, पेटंटच्या वैधतेबद्दल गंभीर शंका आहेत म्हणून, तो मनाई हुकूम उठवला. २००२ मध्ये दोघांनी आपापसात मिटवलं. पेटंट २०१७ मध्ये संपलं. आज तुम्ही एका क्लिकची खरेदी बिनदिक्कत लिहू शकता.

वळसा घालून जाण्यालाच धंद्यातले लोक 'डिझाइन अराउंड' म्हणतात, आणि तो चोरटा मार्ग नाही, कायद्याला अपेक्षित असलेलाच आहे. मात्र नुसता शब्दच्छल चालत नाही. बटणाचं नाव बदललं, काम तेच तशाच रीतीने केलं, तर 'जवळपास तेच' या मुद्द्यावर कोर्ट धरू शकतं. अट खरोखर मोडली पाहिजे.

क्लेमची यादी मोठी दिसते, पण तिच्यात काही स्वतंत्र असतात आणि बरेचसे 'क्लेम १ प्रमाणेच, शिवाय त्यात अमुक' अशा धाटणीचे, म्हणजे परावलंबी. स्वतंत्र क्लेममध्ये तुम्ही बसत नसाल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांत बसूच शकत नाही. पंचवीस क्लेमचं पेटंट वाचायचं म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन वाक्यं नीट वाचायची.

आणि अमेरिकी दस्तऐवजाच्या नंबराचं शेपूट बघायला विसरू नका. ए१ असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज आहे. बी१ किंवा बी२ असेल तर मंजूर पेटंट. 'अमक्या कंपनीने तमक्या गोष्टीचं पेटंट घेतलं' अशा बातम्यांतल्या पुष्कळशा ए१ च्या असतात. अर्जातले क्लेम अवाच्या सवा मागितलेले असतात. पेटंट कार्यालयातल्या तपासनीसाशी घासाघीस होऊन मंजूर होताना ते आक्रसतात. भाजीवाल्याने सांगितलेला पहिला भाव आणि शेवटी ठरलेला भाव यांत जेवढा फरक, तेवढा इथेही.

मग लॉडसिसच्या पत्राचं काय झालं

लॉडसिसने छोट्यांकडे मागितले होते अमेरिकेतल्या उत्पन्नाच्या ०.५७५ टक्के. माझ्यासारख्याचं अमेरिकेतलं उत्पन्न वर्षाला १० लाख रुपये धरा. मागणी झाली ५,७५० रुपयांची. अमेरिकी वकील तेवढ्या पैशात पत्राचं पाकीटही फोडणार नाही. खटला शेवटपर्यंत लढायचा तर खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. सगळं गणित या दोन आकड्यांमधल्या दरीत आहे. पेटंट भक्कम आहे की पोकळ, हे सिद्ध करायला जे लागतं त्यापेक्षा गप्प पैसे देणं स्वस्त पडतं, आणि मागणारा रक्कम त्या हिशेबानेच ठरवतो. स्वतः काहीही न बनवता नुसती पेटंटं विकत घेऊन अशी वसुली करणाऱ्यांना तिकडे 'पेटंट ट्रोल' म्हणतात. पुलाखाली बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवणारा राक्षस. आपल्याकडच्या माणसाला टोलनाका म्हटलं की जास्त लवकर कळेल. फरक एवढाच की इथे रस्ता त्यांनी बांधलेला नसतो.

२३ मे २०११ ला अॅपलच्या मुख्य वकिलाने लॉडसिसला लिहिलं की या पेटंटांचा परवाना आमच्याकडे आहे, आमची यंत्रणा वापरणारे डेव्हलपर त्यात आले. लॉडसिसने ते मानलं नाही. ३१ मे रोजी टेक्सासच्या पूर्व भागातल्या संघीय कोर्टात सात जणांवर खटला दाखल. त्यांत स्वीडनचा एक छोटा गेम स्टुडिओ होता, व्हिएतनामचा एक होता. जुलैमध्ये फिनलंडची 'अँग्री बर्ड्स'वाली रोव्हिओही आली. पुण्यात किंवा नाशकात बसलोय म्हणून आपण लांब आहोत, या समजाला तिथेच सुरुंग लागतो. अमेरिकेच्या पेटंटचा हक्क अमेरिकेत बनवणं, वापरणं, विकणं, विकायला ठेवणं आणि तिथे आयात करणं यावर चालतो. आपण कोड कुठे लिहिला हे विचारायचीही मग गरज पडत नाही. न्यू जर्सीतल्या काकूंनी माझा तानपुरा विकत घेतला की माझा एक पाय त्या हद्दीत.

अॅपलने खटल्यात सामील होण्याची परवानगी मागितली, एप्रिल २०१२ मध्ये ती मिळाली. पण परवान्याच्या मुद्द्यावर कोर्टाने निकाल कधी दिलाच नाही. एकेक डेव्हलपर पैसे देऊन बाहेर पडत गेला, आणि २०१३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की आता भांडायला समोर कोणी उरलं नाही, तेव्हा या मुद्द्याला आता अर्थच राहिला नाही. अॅपल जिंकलं नाही, हरलं नाही. त्याच वर्षी अँटीव्हायरस बनवणारी कॅस्परस्की मात्र अडून बसली, खटला उभा राहायची वेळ आली, तशी लॉडसिसने एक पैसाही न घेता माघार घेतली. मोठ्याला लढणं परवडतं, हा त्याचा अर्थ. तुम्ही-मी पण असंच ताठ उभं राहावं असा अर्थ मी काढत नाही.

टेक्सासच्या त्या भागात मार्शल नावाचं गाव आहे, वस्ती पंचवीस हजारांच्या आत. पेटंटवाल्यांची ती पंढरी होती. खटले इतके यायचे की सॅमसंगने तिथल्या कोर्टासमोरच्या बर्फावर घसरण्याच्या मैदानाला पैसे पुरवले. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीसी हार्टलँड खटल्यात सांगितलं की अमेरिकी कंपनीला कुठेही खेचता येणार नाही. ती जिथे नोंदलेली आहे, किंवा जिथे तिचं कायमचं कामाचं ठिकाण असून तिथेच भंग झालाय, तिथेच खटला भरा. बातम्यांत जल्लोष झाला. बारीक अक्षरातली गोष्ट अशी की ही सवलत अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांना आहे. परदेशी कंपनीला कोणत्याही जिल्ह्यात ओढता येतं, आजही.

त्याआधीचा २०१४ चा अॅलिस निकाल मात्र आपल्याही कामाचा. जुनीच व्यवहाराची कल्पना घ्यायची आणि 'हे संगणकावर करायचं' एवढंच तिला जोडायचं, याला पेटंट मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं. तिथला वाद पैशांच्या देवघेवीत तिऱ्हाइताने मध्यस्थी करण्याबद्दलचा होता, म्हणजे हुंडीच्या पेढीवर होणारंच काम. त्यानंतर अशा जातीची कितीतरी पेटंटं कोर्टात सुरुवातीलाच गळून पडली. पत्र आलं तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे अॅलिसपुढे टिकेल का?

आपल्याकडचा कायदा

'भारतात सॉफ्टवेअर पेटंट नसतं' हे वाक्य चहाच्या टपरीपासून कॉन्फरन्सपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये म्हटलंय की गणिती पद्धत, व्यवसाय करण्याची पद्धत, अल्गोरिदम आणि 'पर से' कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा शोध मानला जाणार नाही. 'पर से' म्हणजे 'निव्वळ तेवढाच', 'आपल्याआपण'. ही सगळी भानगड त्या दोन शब्दांची आहे. डिसेंबर २००४ मध्ये सरकारने वटहुकूम काढून त्यात फट पाडली होती: उद्योगातला तांत्रिक उपयोग असेल किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर प्रोग्रॅमला पेटंट चालेल. २००५ साली संसदेत कायदा झाला तेव्हा ती फट बुजवली गेली आणि जुनं वाक्य परत आलं. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैत युरोपच्या संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला.

पण 'पर से' राहिलं, आणि त्याबरोबर प्रश्नही राहिला. प्रोग्रॅम निव्वळ प्रोग्रॅम नसून त्यामुळे यंत्र काही तांत्रिकदृष्ट्या वेगळं करत असेल तर? डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की आजच्या काळात बहुतेक शोध कॉम्प्युटर प्रोग्रॅमवरच उभे असतात, त्यामुळे तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक भर दाखवता आली तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून अर्ज उडवता येणार नाही. म्हणजे बिल काढण्याच्या नव्या पद्धतीला नाही. बॅटरी कमी खाणारी किंवा सिग्नल स्वच्छ करणारी नवी तऱ्हा असेल तर बहुधा हो. मी माझ्या ॲपकडे या नजरेने पाहिलं: रागांची यादी, वर्गणी, क्लासच्या हजेरीचा तक्ता यांची मला भारतात चिंता नाही. तंबोऱ्याच्या जवारीचा (तारेखाली धागा ठेवून येणाऱ्या झणझणीत सुराचा) आवाज प्रोसेसरवर घडवण्याची एखाद्याची अगदी नवी पद्धत असेल, तर ती मी बघून घेईन.

भारतीय कायद्यातल्या दोन सोयी आपल्या लोकांना क्वचित माहीत असतात. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, मंजुरीच्या आधी, कोणीही त्याला हरकत घेऊ शकतं. 'कोणीही' हे अक्षरशः. तुमचा त्यात धंदा गुंतलेला असायला हवा अशी अट नाही. दुसरी सोय कलम १०६ ची. कोणी निराधारपणे पेटंटभंगाची धमकी देत असेल तर धमकी मिळालेलाच उलटा कोर्टात जाऊन ती थांबवायला आणि नुकसानभरपाई मागायला मोकळा आहे. फक्त 'आमचं असं पेटंट आहे बरं का' एवढं कळवणं धमकीत मोडत नाही.

खरा धोका कुठे असतो

इथे मी माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. कोड लिहायच्या आधी पेटंटचा धांडोळा घेत बसणं एकट्या माणसासाठी वेळेची नासाडी आहे. सगळी वाचून संपणार नाहीत, वाचलेली नीट कळणार नाहीत, आणि अमेरिकेत भंग जाणूनबुजून केला असं ठरलं तर न्यायाधीश भरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकतात. म्हणून तिथल्या पुष्कळ कंपन्यांचे वकील इंजिनिअरांना सांगतात, पेटंट वाचूच नका. हा सल्ला हास्यास्पद आहे, कारण पेटंट या व्यवस्थेचा मूळ सौदाच 'ज्ञान जाहीर करा, बदल्यात मुदतीचा हक्क घ्या' असा होता. पण सल्ला का दिला जातो ते कळतं.

त्याऐवजी धोक्याचे पट्टे ओळखावे. व्हिडिओ आणि ऑडिओचे कोडेक (आवाज-चित्र दाबून लहान करायच्या आणि परत उलगडायच्या पद्धती) हा तसा पट्टा. तिथली पेटंटं खरी आहेत, मालक मोठे आहेत आणि वसुली नियमित चालते. एच.२६४ या व्हिडिओ कोडेकसाठी सिस्को कंपनीने ओपन-एच.२६४ हा खुला कोड दिला तेव्हा परवान्याचे पैसे स्वतः भरायचं मान्य केलं. पण ते सिस्कोने स्वतः कंपाइल करून (म्हणजे कोडची चालणारी फाइल बनवून) दिलेल्या फाइलसाठी. तोच खुला कोड तुम्ही स्वतः कंपाइल केलात की सिस्कोचं छत्र डोक्यावरून गेलं. कोड फुकट आहे म्हणजे पेटंटही फुकट आहे असं नसतं, हे याहून स्वच्छ सांगणारं उदाहरण मला माहीत नाही. माझा साधा नियम: आवाज आणि चित्र उलगडायचं काम फोनच्या स्वतःच्या यंत्रणेला सांगायचं, आपला कोडेक पोटात घेऊन फिरायचं नाही.

लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) निवडताना तिच्या परवान्यातलं पेटंटचं कलमही बघत जा. अपाची २.० या खुल्या परवान्यात कोड देणाऱ्यांनी त्यांच्या त्या कोडपुरत्या पेटंटांचा परवानाही दिलेला असतो, आणि तुम्ही त्या कोडवरून पेटंटचा खटला भरलात तर तो काढून घेतला जातो. जीपीएल ३ मध्येही तशी तरतूद आहे. एमआयटीच्या चिमुकल्या परवान्यात पेटंट हा शब्दच नाही. दोन तोडीस तोड लायब्ऱ्या समोर असतील तर मी अपाचीवाली घेतो.

आणि जुनं ते खरंच सोनं. जीआयएफ चित्रांच्या मागच्या एलझेडडब्ल्यू या फाइल दाबण्याच्या पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९८७ पासून लोक जीआयएफ मोकळेपणी वापरत होते, १९९४ च्या डिसेंबरात अचानक परवान्याची मागणी आली, संतापून लोकांनी पीएनजी हा नवा चित्रप्रकार तयार केला. अमेरिकेतलं पेटंट २० जून २००३ ला संपलं. आज जीआयएफ लिहायला कुणाला विचारावं लागत नाही. गेम लोड होत असताना मध्ये छोटा गेम खेळू देण्याचं पेटंट नामको या गेम कंपनीकडे होतं, ते २०१५ मध्ये संपलं. वीस वर्षांहून जुन्या पेटंटात वर्णन केलेली रीत जशीच्या तशी वापरणं ही सगळ्यात सुरक्षित जागा. कुणी नवं पेटंट घेऊन आलाच तर ते जुनं कागदपत्र त्याच्यासमोर धरता येतं. माझ्या तानपुऱ्याची तार कार्प्लस-स्ट्राँग नावाच्या १९८० च्या दशकातल्या पद्धतीने वाजते. ती निवडली तेव्हा आवाज गोड वाटला म्हणून निवडली होती. ती एवढी म्हातारी आहे याचं समाधान नंतर झालं.

पत्र आलंच तर

पत्र म्हणजे समन्स नव्हे. पत्राला घाईने उत्तर द्यायची सक्ती नाही. कोर्टाचं समन्स आलं आणि तुम्ही गप्प बसलात तर एकतर्फी निकाल लागू शकतो. हातात काय आहे हे आधी ओळखा.

पत्र वाचून झाल्यावर एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) धाव घेऊ नका आणि 'हो, आम्ही असंच करतो, पण...' अशी ईमेलही लिहू नका. जुने मेल, कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी), चॅट काहीही खोडू नका. खोडणं हे मूळ आरोपापेक्षा महाग पडतं. मग शांतपणे पेटंटचा नंबर काढा. ए१ की बी२? मुदत संपली का? अमेरिकेत मंजुरीनंतर ठरावीक टप्प्यांवर फी भरावी लागते, ती चुकली म्हणून मेलेली पेटंटं पुष्कळ असतात. मात्र मुदत संपली म्हणून लगेच सुटका नाही. मागच्या सहा वर्षांतल्या, पेटंट जिवंत असतानाच्या विक्रीबद्दल भरपाई मागता येते. लॉडसिसचा मूळ अर्ज १९९२ चा असूनही खटले पुढे चालू राहिले ते म्हणूनच. त्यानंतर स्वतंत्र क्लेम घ्या, त्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यासमोर तुमचं ॲप काय करतं ते लिहा. एक रकाना रिकामा राहिला तर वकिलाकडे जाताना तो कागद सोन्याचा.

मग बघा, ज्यावर बोट ठेवलंय ते तुम्ही लिहिलंय की प्लॅटफॉर्मचं आहे. एक्स-प्लेन या विमानाच्या सिम्युलेटरचे कर्ते ऑस्टिन मेयर यांच्या कंपनीवर २०१२ साली युनिलॉक या कंपनीने पेटंटचा खटला भरला तो अँड्रॉइडवर ॲप अधिकृत आहे का हे तपासण्याच्या सोयीवरून, आणि ती सोय गूगलनेच डेव्हलपरांना दिलेली होती. ते लढले. २०१६ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या मंडळाने ते क्लेम रद्द ठरवले. जिंकायला लागली जवळजवळ चार वर्षं.

आणि एकट्याने बसू नका. २०१९ मध्ये खुलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या नोम (GNOME) फाउंडेशनवर शॉटवेल या फोटो सांभाळायच्या फुकट प्रोग्रॅमवरून खटला झाला. त्यांनी वर्गणी काढली, जगभरातून हजारो लोकांनी पैसे दिले, पेटंटच्या आधीचे पुरावे शोधले. मे २०२० मध्ये तडजोड झाली ती नुसती शॉटवेलपुरती नाही: मान्यताप्राप्त खुल्या परवान्याखालच्या कोणत्याही सॉफ्टवेअरवर त्या पेटंटमालकाने आपली पेटंटं न चालवण्याचं मान्य केलं.

पत्र तुम्हाला आलं तसं आणखी कुणाकुणाला आलं हे शोधणं त्यामुळेच पहिल्या दिवसाचं काम. आणि दुसरं, पत्र यायच्या आधीच करून ठेवायचं: आपण जे नवं शोधलं ते तारखेसह उघड्यावर मांडणं. उघड झालेल्या गोष्टीवर नंतर येणाऱ्या दुसऱ्या कुणाला पेटंट घेता येत नाही. अर्थात उद्या आपल्यालाच त्यावर पेटंट हवंसं वाटलं तर तो दरवाजाही बहुतेक देशांत बंद होतो, हे समजून करायचं. जवारीचा धागा सरकवल्यावर आवाज कसा पालटतो याचं एक छोटं सूत्र मला सापडलं होतं. मी ते कोड, दोन आकृत्या आणि आवाजाचे तीन नमुने यांसह खुलं टाकलंय, खाली तारीख आणि अपाची २.० चा परवाना. अजून कुणी बघितलेलं दिसत नाही, पण तारीख पडली.